कारागिराला 'नाही' म्हणण्याची रीत

घराच्या कामासाठी तीन कारागिरांकडून अंदाज मागवले, तर त्यांपैकी दोघांना नकार द्यावा लागणार, हा हिशेब दुसरीतल्या मुलालाही येईल. तथापि आपल्या आजरा तालुक्यात, आणि खरे पाहता साऱ्या महाराष्ट्रात, अंदाज मागणारी माणसे पुष्कळ आणि नकार कळवणारी माणसे फार थोडी, असा प्रकार आहे. मग त्या दोन नकारांचे होते काय? ते कोणी उच्चारीतच नाही. ज्याला ते मिळावयाचे तो कारागीर आपल्या आपणच ते ओळखतो. कधी आठ दिवसांनी, कधी महिन्याने, तर कधी त्याच घरावरून जाताना दुसऱ्याची परांची बांधलेली पाहून.

व्याख्यानमालेसारख्या ठिकाणी हा विषय किरकोळ वाटेल. परंतु आम्ही संघटनेच्या कामात इतकी वर्षे घालवली, त्यावरून एक गोष्ट आम्हांला पक्की कळली आहे. मोठ्या संपांवर आणि मोर्च्यांवर सर्वांचे लक्ष असते. पण कामगाराचे नुकसान पुष्कळदा अशा लहान जागी होते, की जेथे कोणाचे लक्षही जात नाही आणि कोणाचा दुष्ट हेतूही नसतो. घरमालकाने वेळेवर 'नाही' न म्हणणे ही त्यांतलीच एक जागा आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, स्पष्ट आणि वेळेवर दिलेला नकार ही केवळ सभ्यता नव्हे. अंदाज काढण्यासाठी कारागिराने जे श्रम केले, त्यांचे ते देणे आहे.

प्रथम अंदाज म्हणजे काय ते पाहू. गवंडी किंवा मेस्त्री घर पाहायला येतो, तेव्हा तो नुसता चहा पिऊन जात नाही. भिंत मातीची आहे, विटेची आहे की चिऱ्याची, हे तो पाहतो. चिरा म्हणजे आपल्या डोंगरांत निघणारा जांभा दगड. त्याची भिंत असेल तर सांधे कशाने भरले आहेत, ओल कोठून चढते, जोते किती खचले, हे तपासावे लागते. कौलारू छप्पर असेल तर आढे, वासे आणि रिपा यांपैकी काय वाळवीने खाल्ले आणि काय टिकेल, हे वर चढल्याखेरीज सांगता येत नाही. मग तो टेप लावतो, लांबीरुंदी वहीत उतरवतो. रात्री घरी बसून दगड आणि वाळू किती ब्रास लागेल, म्हणजे शंभर घनफुटांचे किती ढीग, हे मांडतो. सिमेंटच्या पोत्यांचा आणि सळीचा भाव दुकानात विचारतो, सुताराशी बोलतो, बिगारी किती दिवस लागतील ते मोजतो. गाव लांबचे असेल तर पेट्रोल त्याच्या पदरचे. या साऱ्याला एक दिवस सहज जातो. वकील सल्ल्याचे पैसे घेतो, डॉक्टर तपासणीचे घेतो. गवंडी अंदाजाचे पैसे घेत नाही. आपणही ते देऊ करीत नाही. अशा वेळी त्याला निदान उत्तर मिळावे, एवढी अपेक्षा जास्त म्हणता येणार नाही.

आता कोणी विचारील, उत्तर उशिरा मिळाले तर त्याचे असे काय बुडते? येथे आपल्या भागातला पाऊस ध्यानात घेतला पाहिजे. आजऱ्याच्या पश्चिमेस आंबोलीचा घाटमाथा आहे. तिकडून येणारा पाऊस मृग नक्षत्र लागले की, म्हणजे ७-८ जूनच्या सुमारास, दारात उभा राहतो. त्यानंतर पाया खणणे, भिंत उचलणे, कौले उतरवून घर शाकारणे ही कामे जवळजवळ बंद पडतात. दिवाळीच्या आगेमागे माणसे भातकापणीत गुंतलेली असतात. म्हणजे बांधकामाचा खरा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि मृगाला संपतो. त्यातही पाडव्यापासून मृगापर्यंतचे दिवस सर्वांत मोलाचे. कारण छपराची आठवण सर्वांना तेव्हाच होते. वर्षाची मिळकत या सात महिन्यांत जमवावयाची, आणि तिचा उत्तम भाग शेवटच्या दोनअडीच महिन्यांत.

अशा वेळी एखाद्या घरमालकाने "बहुतेक तुमच्याकडूनच करून घेऊ, कळवतो" असे म्हटले, तर गवंडी काय करील? तो त्या कामासाठी दिवस राखून ठेवतो. उदाहरणादाखल पाच माणसांची टोळी धरा : दोन गवंडी आणि तीन बिगारी. त्यांनी एक आठवडा मोकळा ठेवला आणि काम आले नाही, तर सहा दिवस गुणिले पाच माणसे, असे तीस रोज बुडाले. घरमालकाच्या खिशातून एक पैसा गेला नाही, त्याने कोणाला शिवी दिली नाही, आणि तरीही तीस दिवसांची मजुरी नाहीशी झाली. ती चोरीला गेली असती तर पोलिसांत तक्रार झाली असती. येथे तक्रार कोणाविरुद्ध करावयाची?

याला आणखी एक बाजू आहे, आणि ती फार थोड्या घरमालकांना ठाऊक असते. बांधकाम कामगारांसाठी केंद्राने १९९६ साली कायदा केला. महाराष्ट्रात त्याचे नियम २००७ साली झाले आणि कल्याणकारी मंडळ २०११ साली स्थापन झाले. मुलांच्या शिक्षणाला साहाय्य, अपघातात मदत असे लाभ या मंडळाकडून मिळतात. परंतु त्यासाठी कामगाराची नोंदणी असावी लागते. वय १८ ते ६० आणि मागील बारा महिन्यांत बांधकामाचे निदान ९० दिवस, अशी नोंदणीची अट. ही अट २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. ज्याला वर्षभर शहरात काम आहे, त्याला ९० दिवस म्हणजे काहीच नाही. परंतु आमच्याकडची बिगारी बाई अर्धे दिवस शेतात आणि अर्धे दिवस बांधकामावर काढते. तिचे ८४ दिवस भरले आणि सहा दिवस तुमच्या 'कळवतो'मध्ये गेले, तर तिच्या मुलाच्या शिक्षणाचे साहाय्य त्या सहा दिवसांत अडकते. अंदाज घेऊन गेलेला मेस्त्री तुम्हांला दिसतो. त्याच्यामागे उभी असलेली ही बाई तुम्हांला दिसत नाही. म्हणून तिचा येथे मुद्दाम उल्लेख केला.

मग माणसे 'नाही' का म्हणत नाहीत? ती वाईट आहेत म्हणून नव्हे. आमच्या मते याचे मूळ जुन्या गावगाड्यात आहे. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' या ग्रंथात बलुतेदारीचे वर्णन केले आहे. त्या व्यवस्थेत सुतार, लोहार, कुंभार यांची कामे वंशपरंपरेने ठरलेली असत आणि मोबदला सुगीला धान्यात मिळे. नांगराचा फाळ बसवण्यासाठी कोणी तीन सुतारांकडून दर मागवीत नसे. ज्याचे वतन, त्याचे काम. त्या व्यवस्थेत जातीची बेडी होती, कारागिराला भाव ठरवण्याची मोकळीक नव्हती, आणि ती गेली याचे आम्हांला यत्किंचितही दुःख नाही. परंतु तिच्यात निवडीचा प्रश्न नव्हता म्हणून नकाराचाही प्रश्न नव्हता. पुढे रोख पैशाचा व्यवहार आला, ठेका आला, दर आला, निवड आली. निवड आली की तिच्या पाठोपाठ नकार येणारच. आपण निवड घेतली. नकाराची रीत मात्र अजून शिकलो नाही.

भाषाच पाहा. नकार टाळण्यासाठी आपल्याकडे शब्दांची केवढी समृद्धी आहे! 'बघू', 'कळवतो', 'घरात विचारतो', 'एवढी लग्नसराई होऊ दे', 'पुढच्या आठवड्यात या'. कोणी भिजत घोंगडे ठेवतो, कोणी टोलवाटोलवी करतो. उलट ज्यांना नकार द्यावयाचाच असतो ते एकदम दुसऱ्या टोकाला जातात : वाटाण्याच्या अक्षता लावतात, नाहीतर नारळ देऊन मोकळे होतात. एकीकडे लोंबकळत ठेवणे आणि दुसरीकडे हाकलून देणे. या दोहोंच्या मधला, माणसाचा मान राखून स्पष्ट नकार देणारा शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात फारसा नाही. 'भीड भिकेची बहीण' असे आपण म्हणतो. परंतु या व्यवहारात एक चमत्कार घडतो : भीड पडते घरमालकाला आणि भिकेची पाळी येते गवंड्यावर.

लहान गावात भीड अधिक वाटते, हे आम्हांला मान्य आहे. गवंडी शेजारच्या गल्लीतला असतो; त्याचा मुलगा आपल्या मुलाच्या वर्गात असतो; शुक्रवारच्या असो की कोणत्याही वाराच्या बाजारात तो समोर येतो. त्याला 'मामा' किंवा 'तात्या' म्हणून हाक मारलेली असते. त्याला तोंडावर कसे सांगावे? परंतु असा विचार करा : तो बाजारात समोर येणार आहे, म्हणूनच सांगावयास हवे. न सांगितलेला नकार बाजारात दोघांनाही मान खाली घालावयास लावतो. सांगितलेला नकार दोन दिवस बोचतो आणि मग विरतो.

या बाबतीत कायदा काय म्हणतो, तेही पाहण्यासारखे आहे. कारण अंदाज घेतला म्हणजे आपण बांधले गेलो, अशी धास्ती काहींना वाटते. भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्याप्रमाणे कारागिराचा अंदाज हा एक प्रस्ताव आहे. तो तुम्ही विनाअट स्वीकारला तरच करार होतो. तुम्ही "एवढ्यात नाही, दहा हजार कमी करा" असे म्हणालात, तर तो स्वीकार होत नाही. तो तुमचा नवा प्रस्ताव होतो, आणि त्याला हो-ना म्हणण्याची मोकळीक कारागिराला मिळते. अंदाजात मुदत घातली असेल तर ती संपताच प्रस्ताव संपतो. मुदत नसेल तर वाजवी काळाने संपतो. मुदतीचे महत्त्व अलीकडेच सर्वांनी पाहिले : सिमेंटवरचा वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्याआधी काढलेला अंदाज त्यानंतर जसाच्या तसा कसा राहील?

आणि मौनाचे काय? 'मौनं संमतिलक्षणम्' असे आपले सुभाषित सांगते. कायद्याचे सूत्र नेमके याच्या उलट आहे. १८६२ साली इंग्लंडात फेल्टहाउस विरुद्ध बिंडली या नावाचा एक खटला झाला. काकाने पुतण्याला पत्र लिहिले की, तुझे उत्तर आले नाही तर घोडा मी विकत घेतला असे समजेन. पुतण्याने उत्तर दिले नाही. पुढे लिलाव करणाऱ्याने तो घोडा चुकून दुसऱ्यालाच विकला आणि प्रकरण न्यायालयात गेले. न्यायालयाने सांगितले की, गप्प राहणे म्हणजे स्वीकार नव्हे. घोडा काकाचा झालाच नव्हता. तेव्हा घरमालकांनो, निर्धास्त राहा. तुम्ही गप्प बसलात म्हणून कोणी गवंडी तुमच्यावर कराराचा दावा लावू शकणार नाही. परंतु हेच दुखणे आहे! मौनाने तुमचे रक्षण होते. गवंड्याच्या राखून ठेवलेल्या दिवसांचे रक्षण कोणीच करीत नाही. कायदा जेथे थांबतो, तेथे माणुसकीचे काम सुरू होते.

सरकारी कारभाराला आपण नावे ठेवतो, पण या एका बाबतीत तो आपल्यापुढे आहे. निविदा भरणाऱ्याकडून बयाणा रक्कम घेतात. केंद्र सरकारच्या २०१७ च्या वित्तीय नियमांत असे सांगितले आहे की, ज्यांना काम मिळाले नाही त्यांची ही रक्कम, काम दुसऱ्याला दिल्यापासून उशिरात उशिरा ३० व्या दिवसापर्यंत परत करावी. ज्याला नाकारले त्याचेही काही देणे लागते, हे तत्त्व तेथे निदान कागदावर मान्य केले आहे. आपल्याकडे कारागीर पैशाचा बयाणा ठेवत नाही. तो आपले दिवस ठेवतो. ते परत करावयाचे म्हणजेच त्याला मोकळा करावयाचे.

आता प्रत्यक्ष रीतीकडे वळू. आम्ही वाटाघाटींत वर्षे काढली. मालकाचा देकार नाकारायचा, पण बोलणी तुटू द्यायची नाहीत, हे आमचे नित्याचे काम. तेथे शिकलेली गोष्ट घराच्या व्यवहारालाही लागू पडते. चांगल्या नकारात चार गोष्टी असतात : केलेल्या श्रमाची जाणीव, स्वच्छ 'नाही', एकच खरे कारण, आणि यापुढे त्याने वाट पाहू नये हा निरोप. यांपैकी 'नाही' हा शब्द वगळला, तर बाकीचे तीन असूनही नकार होत नाही.

दुसऱ्याला काम दिले असेल तर असे कळवावे : "मेस्त्री, नमस्कार. तुम्ही येऊन घर पाहिलेत, सविस्तर अंदाज दिलात, त्याबद्दल आभारी आहोत. हे काम आम्ही दुसऱ्यांना दिले आहे. तुम्ही आमच्यासाठी दिवस राखले असतील, तर ते मोकळे समजावेत." चार वाक्ये. मोबाईलवर लिहायला दोन मिनिटे लागतात. ज्यांना वाचण्याची सवय नाही त्यांना फोन करून हेच बोलावे. वडीलधारा कारागीर असेल, तर घरी जाऊन सांगणे उत्तम. मात्र मुलाच्या हाती निरोप धाडू नये आणि चारचौघांत, चहाच्या टपरीवर तर मुळीच सांगू नये. काम देताना आपण नारळ फोडतो, चार माणसे बोलावतो. नकार मात्र दोघांतच असावा.

दर झेपत नसेल तर, "तुमचा दर जास्त आहे" असे म्हणू नये; "आमच्या आवाक्यात बसत नाही" असे म्हणावे. हा शब्दांचा खेळ नव्हे. पहिल्या वाक्यात आपण त्याच्या श्रमाचे मोल ठरवतो, दुसऱ्यात आपल्या ऐपतीबद्दल बोलतो. आणि आपल्याला खात्रीची माहिती ऐपतीचीच असते. ऐपत नाही हे सांगण्याची लाज वाटण्याचे कारण नाही. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागातील सपाटीवरच्या घरकुलाला केंद्राच्या नियमाप्रमाणे १ लाख २० हजार रुपये मिळतात, तेही हप्त्यांनी. ज्याचे घर त्या पैशांवर उभे राहावयाचे आहे, त्याची अडचण गवंड्याला इतर कोणाहीपेक्षा लवकर समजते. तोही बहुधा तशाच घरात राहतो. "तात्या, एवढे पैसे नाहीत, या वर्षी एकाच खोलीचे छप्पर करतो," असे खरे सांगितले, तर पुष्कळदा तोच स्वस्तातला मार्ग सुचवतो.

काम पुढे ढकलले असेल तर, "या हंगामात करीत नाही" असे हंगामाचे नाव घेऊन सांगावे. "जरा थांबा" म्हणू नये. थांबण्याला पैसे पडतात, आणि ते कोणाला पडतात ते वर सांगितलेच आहे. शिवाय "पुढचे काम तुम्हांलाच" हे गाजर दाखवू नये. पुढच्या कामाचे खरोखर ठरले असेल तर गोष्ट वेगळी.

कारागिराच्या कामावर विश्वास नसेल, तर हा नकार सर्वांत अवघड. येथे खोटे कारण सांगण्याचा मोह होतो. आमचा सल्ला असा की, कारण सांगण्याचे बंधन नाही, पण खोटे कारण सांगू नये. "आम्ही दुसऱ्यांकडून करून घ्यायचे ठरवले आहे" एवढे पुरे. त्याने आपण होऊन विचारले, तर एखादी ठोस गोष्ट सौम्यपणे सांगावी : अमुक ठिकाणचा गिलावा फुगलेला पाहिला, अमुक स्लॅबला ओल आहे. ती त्याच्या उपयोगाची असते. "लोक तुमच्याबद्दल असे म्हणतात" हे मात्र कधीच बोलू नये. त्याला उत्तर देण्याची सोय त्याच्यापाशी नसते.

एक निराळा नकारही सांगून ठेवतो : सर्वांत स्वस्त अंदाजाला द्यावयाचा. तीन अंदाजांत एक फारच खाली असेल, तर तो कमी कोठून झाला हे विचारावे. चिऱ्याचा आणि सळीचा भाव सर्वांना सारखाच. मग कमी होते ते एकतर सिमेंटच्या प्रमाणातून किंवा बिगाऱ्याच्या रोजातून. आणि बिगाऱ्यांतही बाईच्या रोजातून आधी. समान कामाला समान वेतन हा कायदा आपल्या देशात १९७६ साली झाला, पण पाटी उचलणाऱ्या बाईच्या हाती पडणारा रोज अजून पुष्कळ ठिकाणी पुरुषाहून कमी आहे. "तुमच्या टोळीत बाईला काय रोज देता?" असा साधा प्रश्न घरमालकाने विचारावा. उत्तर पटले नाही, तर स्वस्त अंदाज नाकारण्यास ते उत्तम कारण आहे, आणि ते मोकळेपणी सांगावे.

काही गोष्टी टाळावयास हव्यात. एकाचा कागद दुसऱ्याला दाखवून भाव पाडू नये. ज्याने अंदाज लिहून दिला, त्याने तो तुम्हांला दिला, प्रतिस्पर्ध्याला नव्हे. एखाद्याने नुसता दर न देता नकाशा काढून दिला, पायऱ्या कोठे घ्याव्यात, पन्हळ कोणीकडे काढावी हे सुचवले, आणि तुम्ही तीच योजना दुसऱ्याकडून करून घेतली, तर त्या डोक्याच्या श्रमाचे पैसे आधी चुकते करावेत आणि मग नकार द्यावा. आणि ज्याला काम द्यावयाचेच नाही, त्याला केवळ संख्या भरण्यासाठी बोलावू नये. तीन अंदाज पुरेत; सात मागवले तर सहा माणसांचा दिवस फुकट जातो.

आमच्या तालुक्यात या सर्वांत भर घालणारी आणखी एक परिस्थिती आहे. आजरा, चंदगड, गडहिंग्लज या भागांतली माणसे पिढ्यानपिढ्या मुंबईच्या गिरण्यांत गेली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर पुष्कळजण परतले, पुष्कळजण तिकडेच उपनगरांत राहिले. गावचे घर मात्र सामायिक राहिले. गणपतीला किंवा मे महिन्यात सारे भाऊ जमतात, गळके छप्पर पाहतात, उत्साहाने मेस्त्रीला बोलावतात, अंदाज घेतात आणि परत जातात. मग एक भाऊ म्हणतो स्लॅब, दुसरा म्हणतो कौले, तिसरा म्हणतो आधी वाटणी. मेस्त्री फोन करतो, तर प्रत्येकजण दुसऱ्याचा नंबर देतो. येथे कोणा एकाला नकार द्यावासा वाटत नाही, कारण नकार देण्याचा अधिकार आपला आहे असे कोणालाच वाटत नाही. अशा कुटुंबांना आमची विनंती आहे की, आधी आपसांत ठरवा, मग मेस्त्रीला बोलवा. आणि बोलावताना कारागिराला उत्तर देण्याची जबाबदारी एकाच भावावर किंवा वहिनीवर सोपवा. तिने "अमुक तारखेपर्यंत आमचा निरोप आला नाही, तर काम नाही असे समजा" एवढे पहिल्याच दिवशी सांगितले, तरी अर्धे नुकसान टळेल. मात्र त्या तारखेला स्वतः फोन करणे अधिक चांगले.

आमच्या या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, कारागीर तरी कोठे सांगतात? "सोमवारी येतो" म्हणून जे जातात, ते पुढच्या सोमवारीही येत नाहीत. आणि काम नको असेल तेव्हा तोंडाने 'नाही' न म्हणता मुद्दाम दुप्पट दर सांगतात. आक्षेप खरा आहे. दुप्पट दर हाही एक प्रकारचा बघू-कळवतोच आहे. संघटनेच्या बैठकांत आम्ही कारागीर बंधूंना हेच सांगतो की, काम घ्यावयाचे नसेल तर तसे सांगा; खोटा दर सांगून घरमालकाला फिरवू नका, आणि अंदाजावर तारीख व मुदत लिहा. परंतु दोघांपैकी कोणी आधी सुरुवात करावी असे विचाराल, तर ज्याच्या ताटात आज भाकरी निश्चित आहे त्याने करावी.

दुसरा आक्षेप आमच्याच मित्रांचा. ते म्हणतात, ठेकेदार म्हणजे मजुरांना पिळणारा. कामगार संघटनेच्या माणसाने त्याच्याशी सभ्यपणा शिकवावा, हे काय? त्यांना आमचे उत्तर असे की, दहा यंत्रे बाळगणारा मोठा ठेकेदार आणि पिशवीत ओळंबा, थापी व गुण्या घेऊन फिरणारा आमच्या गावचा मेस्त्री यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. हा मेस्त्री सकाळी दर ठरवतो आणि दुपारी स्वतः परांचीवर उभा राहून चिरा बसवतो. आणि समजा तो मोठा ठेकेदार असला, तरी त्याचे राखलेले दिवस त्याच्या एकट्याचे नसतात. त्यांत बिगाऱ्याचे दिवस असतात. मजुरांना पिळणाऱ्याशी भांडावयाचे तर रोजाच्या दरावर भांडा. उत्तर न देण्याने त्याचे काही बिघडत नाही, बिघडते ते खालच्याचे.

मृगाला जेवढे दिवस उरले असतील, तेवढेच दिवस कारागिराच्या हातात असतात. म्हणून आमचे श्रोत्यांना एवढेच सांगणे आहे : ज्यांनी यंदा कोणाकडून घराचा, छपराचा, विहिरीच्या कठड्याचा किंवा न्हाणीघराचा अंदाज घेतला असेल आणि ज्यांचे अजून उत्तर द्यावयाचे राहिले असेल, त्यांनी आज घरी गेल्यावर जेवणापूर्वी ते कळवावे. उत्तर 'हो' असेल तर आनंदच आहे. 'नाही' असेल तर ते आजच कळवणे अधिक जरुरीचे. उद्या सकाळी तो मनुष्य दुसऱ्या घरी टेप लावायला जाऊ शकेल. एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.